जे डिला: क्वांटाइझ बंद केलं म्हणजे 'डिला' होत नाही

खर्ज_सप्तक (धागाकर्ता)

बीटमेकिंगच्या धाग्यावर जे डिलाचा विषय निघाला आणि नेहमीचं वाक्य आलंच: "तो क्वांटाइझ बंद ठेवायचा, म्हणून त्याचे ड्रम्स तसे वाजतात." (क्वांटाइझ म्हणजे वाजवलेला प्रत्येक ठोका यंत्राने आपोआप नेमक्या जागी बसवणं.) तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं न कळल्यामुळे ढीगभर बीट्स नुसत्या ढिसाळ होतात आणि वर 'डिला फील' म्हणून मिरवतात.

आधी माणूस थोडक्यात. जेम्स डेविट यान्सी, हिप-हॉपचा बीटमेकर, म्हणजे रॅपखालचं संगीत (बीट) बांधणारा; जन्म ७ फेब्रुवारी १९७४, डेट्रॉइट. आई मॉरीन ऑपेरा गायलेली, वडील जॅझमध्ये बास वाजवणारे. राहणं कोनंट गार्डन्स या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत. पर्शिंग हायस्कूलमध्ये टी-थ्री आणि बातीन भेटले आणि तिघांचा 'स्लम व्हिलेज' हा रॅप गट झाला. यंत्राशी ओळख करून दिली अ‍ॅम्प फिडलरने. हा पार्लमेंट-फंकाडेलिकचा कीबोर्डवादक, त्याच्याकडे अकाईचं एमपीसी-६० होतं, म्हणजे आवाजाचे तुकडे (सॅम्पल) घेऊन ते पॅडवर बोटांनी वाजवायचं आणि त्यांची लय नोंदवायचं यंत्र. १९९४ च्या लोलापलूझा दौऱ्यात फिडलरनेच डिलाची ट्राइब कॉल्ड क्वेस्ट गटाच्या क्यू-टिपशी गाठ घालून दिली, आणि पुढच्या दोन वर्षांत फारसाइडचं 'रनिन', डे ला सोलचं 'स्टेक्स इज हाय' आणि ट्राइब कॉल्ड क्वेस्टच्या अल्बमवरची कामं झाली. तेव्हा तो 'जे डी' या नावाने ओळखला जायचा. जर्मेन डुप्रीही जे.डी. असल्याने गोंधळ व्हायचा, म्हणून २००१ च्या सुमारास 'जे डिला'. १० फेब्रुवारी २००६ ला लॉस एंजेलिसमध्ये गेला, वय ३२.

आता मुद्दा. एमपीसीत एक मात्रा ९६ टिकची, टिक म्हणजे यंत्राचं वेळेचं सर्वात लहान माप. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) एक मात्रा ६६६.७ मिलिसेकंद, म्हणजे एक टिक ६.९४ मिलिसेकंद. एका मात्रेत चार सिक्स्टीन्थ (पाव मात्रा), प्रत्येकी २४ टिक. स्विंग म्हणजे सिक्स्टीन्थच्या जोडीतला पहिला लांबवून दुसरा उशिरा वाजवणं. स्विंग ५० टक्के म्हणजे २४-२४, सरळ. ५४ ला जोडी होते २६-२२, ५८ ला २८-२०, ६२ ला ३०-१८. ६६ ला ३२-१६, म्हणजे ट्रिप्लेट (तीन समान भागांतले दोन आणि एक). कमाल ७५, म्हणजे ३६-१२.

इथे लक्षात घ्या: स्विंग फक्त जोडीतला दुसरा सिक्स्टीन्थ हलवतो, आणि तोही फक्त उशिराकडे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच्या स्नेअरला (कडक 'टाक' वाजणारा ड्रम) स्विंग हातच लावत नाही. त्यामुळे स्विंगचं बटण कितीही फिरवा, डिला येणार नाही. त्याने जे केलं ते असं: हायहॅटला (पायाने मिटणाऱ्या झांजा) एक हिशोब, स्नेअरला दुसरा, किकला (जड बास ड्रम) तिसरा, आणि तिन्ही एकाच वेळी चालू. काही थर सरळ, काही स्विंगमध्ये, एखादा पूर्ण हाताने वाजवलेला. डॅन चार्नस यांनी २०२२ च्या 'डिला टाइम' या चरित्रात हेच मांडलंय: सरळ लय आणि स्विंग लय एकमेकींवर ठेवल्या की तिसरीच चाल तयार होते. सगळंच सैल सोडलं तर घासायला समोर काही उरत नाही. एक थर घड्याळासारखा पक्का हवाच.

शंकासूर

छान धागा. पण त्याची किक उशिरा येते असंच सगळे म्हणतात, आणि कानालाही तसंच वाटतं. तुम्ही स्नेअरवर का आलात? आणि प्रत्यक्ष कुठल्या क्रमाने करायचं ते कोणी आकड्यांत सांगेल का?

अर्धमात्रा

किक उशिरा वाटते, कारण पुष्कळदा स्नेअर लवकर आलेला असतो. कान दोन स्नेअरमधलं अंतर धरून मात्रा बांधतो. स्नेअर १५ मिलिसेकंद आधी पडला की जागच्या जागी असलेली किकसुद्धा मागे रेंगाळल्यासारखी वाटते. एमपीसी-३००० मध्ये टायमिंग करेक्टच्याच (एमपीसीतलं क्वांटाइझ) पानावर शिफ्ट टायमिंग आहे. निवडलेले नोट लवकर किंवा उशिरा, इतके इतके टिक, असा सरळ आकडा द्यायचा. हे मोजून केलेलं काम आहे, झोपेत वाजवलेलं नाही.

क्रम सांगतो. ९० बीपीएम, दोन बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) सीक्वेन्स. चार बार नको, सुरुवातीला चूक सापडत नाही.

पहिल्यांदा हायहॅट. एट्थ नोटवर (दर अर्ध्या मात्रेला), क्वांटाइझ चालू, स्विंग ५०. हा तुमचा खुंटा. व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) मात्र सगळी सारखी ठेवू नका, मात्रेवरचा जरा जोरात, मधला हलका.

मग स्नेअर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आधी क्वांटाइझ करून घ्या आणि मग २ टिक लवकर सरकवा. म्हणजे १४ मिलिसेकंद. १ टिक फारसा जाणवत नाही, ४ टिकला (२८ मिलिसेकंद) बीट धापा टाकायला लागते. २ आणि ३ च्या दरम्यान खेळा.

किक शेवटी, टायमिंग करेक्ट बंद करून, हाताने. पण पहिल्या बारची पहिली किक समेवर पक्की ठेवा, वाजवताना हुकली तर नंतर ओढून जागेवर आणा. बाकीच्या किक २ ते ४ टिक मागे राहिल्या तरी चालतील. सम हलली की ऐकणाऱ्याला मान कुठे डोलवायची तेच कळत नाही, आणि डिलाच्या बीटवर मान डोलते, हे विसरून चालणार नाही.

त्यानंतर बास. किकच्या मागे ३ ते ५ टिक, म्हणजे २० ते ३५ मिलिसेकंद. किकचा ठोका आधी आणि स्वर नंतर, त्यामुळे बास जड वाटतो. बासची नोट लांब असेल तर पुढच्या किकआधी कापा, नाहीतर खालचा सगळा भाग चिखल होतो.

आणखी घोस्ट स्नेअर (अगदी हलका, मधलाच ठोका) किंवा शेकर घालायचा असेल तर त्याला ५८ स्विंग द्या. आता सरळ हॅट आणि स्विंगमधला शेकर एकमेकांना घासतील. गंमत तिथेच आहे.

बिघडतं कुठे? एक, पहिली किक लवकर सरकवली तर ती लूपच्या सुरुवातीआधी जाते, म्हणजे आदल्या फेरीच्या शेवटी. पहिल्या फेरीत वाजतच नाही. दोन, स्नेअरबरोबर क्लॅप असेल आणि फक्त स्नेअर सरकवला तर दोन ठोके वेगळे ऐकू येतात. साधारण १० मिलिसेकंदांच्या आत कान त्यांना एक मानतो, २५-३० च्या पुढे दोन. दोघांना मिळून सरकवा. तीन, आणि ही सर्वात मोठी चूक: सॅम्पलमध्ये मूळ ड्रमर वाजतोय, त्याचा स्नेअर जागेवर आणि तुमचा आधी. एकतर सॅम्पलचे तुकडे करून तेही सरकवा, नाहीतर फिल्टरने त्याचा स्नेअर घालवा.

टेपवाला

वरचं सगळं बरोबर. फक्त टिकचा अर्थ टेम्पोबरोबर बदलतो हे कोणी लिहिलं नाही. ७५ बीपीएमला एक टिक ८.३ मिलिसेकंद, १०० ला ६.२५. म्हणून एका बीटचे आकडे उचलून दुसऱ्यात तसेच टाकू नका. लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये एका मात्रेचे ९६० टिक असतात, म्हणजे एमपीसीचा १ टिक तिथले १०. आणि स्विंगचे टक्के सगळीकडे एकच नसतात. एमपीसीत सरळ म्हणजे ५०. काही सॉफ्टवेअरमध्ये सरळ म्हणजे ०. एबलटनच्या ग्रूव्ह लायब्ररीत एमपीसीच्या नावाचे स्विंग आहेत, तिथे आकडे जुळतात.

यंत्रांबद्दलही एक गोंधळ नेहमी दिसतो. 'एमपीसी-३००० चा तो खरखरीत आवाज' वगैरे. ते यंत्र १९९४ चं, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, चांगलं स्वच्छ. खरखर हवी असेल तर मागे जा: एमपीसी-६० (१९८८, १२ बिट, ४० किलोहर्ट्झ) किंवा ई-म्यूचं एसपी-१२०० (१९८७, १२ बिट, २६ किलोहर्ट्झ). एसपीमध्ये एकूण जागा १० सेकंदांची, आणि एका पॅडला जास्तीत जास्त २.५ सेकंद. म्हणून त्या पिढीचे लोक ३३ ची तबकडी ४५ वर वाजवून सॅम्पल घ्यायचे आणि मग खाली उतरवायचे. गुणोत्तर १.३५, म्हणजे साधारण ५.२ सेमीटोन खाली. १० सेकंदांत साडेतेरा सेकंदांचं संगीत मावतं. वर उच्च स्वर बोथट होतात आणि एक दाणेदार मळ चढतो, तो फुकट. आज प्लगइनला पैसे देऊन लोक हाच मळ विकत घेतात.

एमपीसी-३००० चं खरं बलस्थान म्हणजे प्रत्येक आवाजाला स्वतंत्र लो-पास फिल्टर (खालचे स्वर जाऊ देणारा, वरचे अडवणारा), रेझोनन्ससकट. एकच सॅम्पल दोन पॅडवर घ्यायचं. एकावर फिल्टर खूप खाली आणायचा, साधारण २०० हर्ट्झच्या आसपास, की उरतो फक्त मूळ रेकॉर्डमधला बास. दुसऱ्या पॅडच्या आवाजातला खालचा भाग मिक्सरवर कापायचा, कारण यंत्रात हाय-पास नाही. आता बास आणि वरचं संगीत वेगवेगळं सरकवता येतं. यंत्राला स्टीरिओशिवाय आठ स्वतंत्र आउटपुट आहेत, ते याचसाठी उपयोगी. फिल्टर २०० च्या फार खाली नेलात तर छोट्या स्पीकरवर बास गायब होतो, आणि वर नेलात तर दोन्ही पॅड एकमेकांत मिसळून चिखल.

त्याचं एमपीसी-३००० आणि मूगचा मिनीमूग व्हॉयेजर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहेत. आईने २०१४ मध्ये दिले.

निळी_फीत

सगळे यंत्रातच शिरलात. तो रॅपरही होता, आणि त्याला स्वतःला ते महत्त्वाचं होतं.

स्लम व्हिलेजचा पहिला अल्बम बरीच वर्षं नकला होऊन हातोहात फिरला, दुसरा 'फँटास्टिक, व्हॉल्यूम २' २००० मध्ये दुकानात आला. शब्दांच्या बाजूने पाहिलं तर विषय मर्यादित: मुली, गाड्या, पैसा, आपली शेखी. त्यावर टीका तेव्हाही झाली आणि ती चुकीची नाही. पण कान शब्दांवरून काढून अक्षरांच्या पडण्यावर ठेवा. तो ओळ स्नेअरच्या मागे टाकतो, मध्येच मोकळी जागा सोडतो, एकच शब्द तीन वेगळ्या जागी ठोकतो. ड्रमच्या थरांमध्ये जे केलं तेच आवाजाने. ज्यांना अर्थ हवाय त्यांनी कॉमन या रॅपरकडे जावं. त्याच वर्षीच्या कॉमनच्या 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट'मधला बराचसा भाग डिलाचा आहे, त्यातलं 'द लाइट' बॉबी कॉल्डवेलच्या 'ओपन युअर आइज'वर उभं आहे.

२००१ मध्ये बीबीई या कंपनीसाठी 'वेलकम २ डेट्रॉइट' केला. मग एमसीए कंपनीशी करार, आणि तिथे त्याला करायचा होता रॅपचा अल्बम, बीट्स बऱ्याचशा दुसऱ्यांच्या: पीट रॉक, हाय-टेक, नॉट्झ, मॅडलिब. सगळं जग त्याच्याकडून बीट मागत असताना हा दुसऱ्यांच्या बीटवर माइक घेऊन उभा. कंपनीने अल्बम दाबून ठेवला, तो 'द डायरी' म्हणून बाहेर पडला २०१६ मध्ये, माणूस गेल्यावर दहा वर्षांनी. २००३ चा 'रफ ड्राफ्ट' हा त्या अडकलेल्या काळाचा राग आहे, आणि माझ्या मते त्याचं सर्वात कमी ऐकलेलं चांगलं काम. त्याच वर्षी मॅडलिबबरोबर 'जेलिब': अर्ध्या गाण्यांत डिलाची बीट आणि मॅडलिबचं रॅप, अर्ध्यांत उलट.

श्रेयाचा प्रश्न वेगळाच. ट्राइबच्या काळात क्यू-टिप, अली शहीद मुहम्मद आणि तो, असे तिघे 'द उम्मा' या एका नावाखाली काम करायचे. त्यामुळे कुठली बीट कोणाची हे बाहेर कळायचं नाही आणि लोक सरसकट क्यू-टिपला धरायचे. जॅनेट जॅक्सनच्या १९९७ च्या 'गॉट टिल इट्स गॉन'चं श्रेय जिमी जॅम आणि टेरी लुईस यांच्याकडे आहे. ती बीट आपली होती असं डिलाचं म्हणणं. गाण्याच्या त्याच्या रीमिक्सच्या नावातच 'रिव्हेंज' आहे, त्यावरून समजा.

शंकासूर

आणि त्याचा 'डोनट्स' हा अल्बम? इस्पितळात, खाटेवर, छोट्याशा सॅम्पलरवर अख्खा अल्बम केला असं वाचलंय. खरं का?

टेपवाला

अंशतः. आजार खरा आणि भयंकर: टीटीपी, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट्स संपत जाणं, आणि जोडीला ल्युपस. २००४ मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला, तिथे कॉमनबरोबर राहिला. सीडर्स-सायनाय इस्पितळात लांबलचक मुक्काम झाले. मित्रांनी तिथे छोटा रेकॉर्ड प्लेयर आणि बॉसचं एसपी-३०३ नेऊन दिलं, हेही सांगितलं जातं. पण चार्नस यांच्या चरित्रात ती कथा बरीच जमिनीवर आणलीय. मूळ बीट टेप आधीच तयार होती, आणि तो अल्बम काढणाऱ्या स्टोन्स थ्रो कंपनीच्या जेफ जँकने ती अल्बमच्या लांबीला आणली. 'मरताना खाटेवर केलेलं' हे विकायला सोपं, म्हणून तेच टिकलं. २००५ च्या शेवटी व्हीलचेअरवर बसून त्याने युरोपचा दौरा केला, त्याबद्दल मात्र वाद नाही.

अल्बम आला ७ फेब्रुवारी २००६ ला, बत्तिसाव्या वाढदिवशी. तीन दिवसांनी तो गेला. ३१ तुकडे, बहुतेक दीड मिनिटाच्या आसपासचे. पहिल्याचंच नाव 'आउट्रो', आणि शेवट सुरुवातीला जोडतो, म्हणून रिपीटवर लावा.

एसपी-३०३ घ्यायच्या विचारात असाल तर: २००१ चं यंत्र, आठ पॅड, चार बँक, त्यातल्या सी आणि डी बाहेरच्या स्मार्टमीडिया कार्डवर. कार्ड ३.३ व्होल्टचंच हवं, ५ व्होल्टचं चालत नाही, आणि ६४ एमबीच्या वरचं नको. लोक हे यंत्र घेतात ते विनाइल सिम या इफेक्टसाठी. त्यातली खरखर शून्यावर ठेवा, कॉम्प्रेशन वाढवा. किक पडली की बाकीचं संगीत खाली दबतं आणि परत वर येतं, तो श्वास लोकांना हवा असतो. जास्त झालं की हॅट फुसफुसायला लागतात.

कातरी

'डोनट्स' शिकायचा असेल तर 'डोंट क्राय'पासून सुरू करा. एस्कॉर्ट्स गटाचं जुनं गाणं. आधी तो ते जवळजवळ तसंच वाजू देतो, मग त्याचेच बारीक तुकडे करून वेगळ्या क्रमाने वाजवतो. आधीचं आणि नंतरचं एकाच तुकड्यात मिळतं, शिकवणीची फी वाचली.

याहून अवघड काम ब्लॅक स्टार या गटाच्या 'लिटल ब्रदर'मध्ये आहे. रॉय एअर्सच्या रेकॉर्डवर एअर्स सतत काहीतरी बोलत असतो. डिलाने त्याच्या बोलण्यामधल्या रिकाम्या फटी तेवढ्या उचलल्या आणि एकमेकींना शिवून सलग लूप केला. करून बघायचं असेल तर प्रत्येक तुकडा जरा लांब घ्या, शेवट पुढच्या तुकड्यात थोडा शिरू द्या, आणि सगळे पॅड एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाका, म्हणजे नवा वाजला की जुना बंद. तुकडा शून्य रेषेवर (जिथे लहर शून्याला छेदते) कापला नाही तर टिकटिक ऐकू येते. एक-दोन मिलिसेकंदांचा फेड-इन पुरतो. त्याहून जास्त दिलात तर ठोक्याची धार जाते.

सॅम्पलच्या परवानगीचा विषय निघणारच, म्हणून आपल्याकडचं उदाहरण. २००२ मध्ये डीजे क्विकने ट्रुथ हर्ट्सच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह'मध्ये लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' सरळ लूप केलं, १९८१ च्या 'ज्योती'मधलं, संगीत बप्पी लाहिरींचं. परवानगी नाही, नावही नाही. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेलं, आणि लाहिरींचं नाव दिल्याशिवाय अल्बम विकू नये असा आदेश झाला. डिलाच्या पद्धतीने बारीक कापलं तर ओळखणं कठीण होतं, पण कायदा बदलत नाही. ऑनलाइन टाकणार असाल तर हे आधी निस्तरा.

शंकासूर

डिलाने हिंदी गाणी कधी वापरली का?

निळी_फीत

ते खातं मॅडलिबचं. त्याच्या 'बीट कंडक्टा' या अल्बममालिकेचे ३ आणि ४ हे भाग हिंदी चित्रपटसंगीतावर आहेत, २००७ चे. पुढचे ५ आणि ६ त्याने डिलाला वाहिले. लागोपाठ ऐका.

शंकासूर

अर्धमात्रांच्या आकड्यांनी करून पाहिलं. स्नेअर २ टिक आधी ठेवलाय, पण ऐकताना तो उलट उशिरा वाटतोय.

अर्धमात्रा

स्नेअरच्या चॅनेलवर लुकअहेड असलेला (आवाज आधी वाचून मग दाबणारा) कॉम्प्रेसर किंवा लिमिटर आहे का बघा. त्याने सहज ५-१० मिलिसेकंद खाल्ले जातात, आणि डिले कॉम्पेन्सेशन (हा उशीर भरून काढायची सॉफ्टवेअरची सोय) बंद असेल तर तुमचे १४ त्यातच संपतात. दुसरं, सॅम्पलच्या सुरुवातीची शांतता. वेव्हफॉर्म मोठं करून पाहा. १५ मिलिसेकंदांची रिकामी जागा असेल तर नोट लवकर आणि आवाज जागेवर, असंच होणार. सुरुवात ठोक्याच्या टोकाला आणून कापा, किकचंही तेच करा, आणि मगच टिक मोजायला बसा. तरी जमलं नाही तर प्रोजेक्टचा स्क्रीनशॉट टाका, त्यात हायहॅटची ओळही दिसू द्या.